तात्पुरती ओळ

३ नोव्हेंबर

हिच्या नोंदवहीत अजून चाळीसेक पानं कोरी आहेत. वाया घालवण्यापेक्षा मीच लिहितो. मला लिहायची सवय नाही. चष्म्याच्या दुकानात भिंगांचे नंबर लिहितो तेवढंच.

वही उपग्रहाच्या फेऱ्यांची आहे. तारीख, वेळ, ढग कसे होते, चित्र कसं आलं. तिची शेवटची नोंद सतरा जूनची आहे. ‘सकाळी ८.१२. पश्चिमेला दाट ढग. चित्र सरळ.’ त्याच्या पुढचं पान मी तसंच ठेवलं आहे आणि त्यानंतरच्या पानावर सुरुवात करतो आहे.

वहीच्या शेवटच्या पानावर तिने चित्रं काढणाऱ्या प्रोग्रामचा पासवर्ड लिहून ठेवला आहे, मोठ्या अक्षरात. का ते कळत नाही. तिला तो पाठ होता.

५ नोव्हेंबर

आज धीर करून तिचा लॅपटॉप उघडला. त्रेसष्ट पत्रं आली होती. बरीचशी एकाच गोष्टीबद्दल. जुना हवामान उपग्रह १२ डिसेंबरला कायमचा बंद करणार आहेत. म्हातारा झाला आहे म्हणतात.

ती तंत्रनिकेतनात शिकवायची आणि घरी हा प्रोग्राम लिहायची. अंगठ्याएवढा एक रिसीव्हर लॅपटॉपला जोडायचा, हातात अँटेना धरायचा, उपग्रह डोक्यावरून जाताना जे बोलतो ते पकडायचं. बाकीचं काम प्रोग्राम करतो. आवाजातून एकेक ओळ काढतो आणि ओळीखाली ओळ लावत ढगांचं चित्र उभं करतो. प्रोग्राम तिने सगळ्यांना फुकट दिला होता. कुणीही उघडून आतलं वाचावं, बदल सुचवावा. तिने होकार दिला की तो बदल सगळ्यांकडे जायचा.

माझं काम अँटेना धरायचं. चौदा मिनिटं. मी काही विचारलं तर म्हणायची, “खांब बोलत नसतात.”

मला एकच चित्र हवं आहे. तिच्या प्रोग्रामने काढलेलं, उपग्रह बंद व्हायच्या आत, सरळ. कोऱ्या पानावर चिकटवायला.

९ नोव्हेंबर

सुट्टी होती. सकाळी गच्चीवर गेलो. गार होतं. समोरच्या इमारती अर्ध्यापर्यंतच दिसत होत्या, वर धुकं. लॅपटॉप आणि रिसीव्हर टेबलावर ठेवले आणि अँटेना धरून उभा राहिलो. आधी नुसती खरखर. मग त्या खरखरीतून टिकटिक वर आली, कुणीतरी लांबून चालत यावं तशी. मी तो आवाज जूननंतर ऐकला नव्हता.

चित्र आलं. ढग आले, किनारा आला. पण सगळं उजवीकडे कललेलं. खाली जाता जाता किनारा पार तिरका झाला होता.

सासूबाई वर आल्या होत्या. (हिची आई. हिच्या आजारपणात आल्या त्या इथेच आहेत.) दोरीवरचे कपडे काढायला आल्या म्हणाल्या. दोरीवर कपडे नव्हते.

१२ नोव्हेंबर

पुन्हा तिरकं.

हात कललेला असणार. ती असताना मागून सांगायची, आता सांगायला कुणी नाही. हार्डवेअरच्या दुकानातून ओळंबा आणला आणि जेवणानंतर अर्धा तास हात सरळ धरायचा सराव केला.

“कवायत चाललीय का?” सासूबाईंनी विचारलं.

“चित्र वाकडं येतंय.”

“म्हणून तुम्ही वाकडे होऊन बसलात? चहा गार झाला तुमचा. मी धरून बघू का एकदा?”

मी म्हटलं, नको, तुमचा खांदा दुखतो. खरंच दुखतो त्यांचा खांदा.

१५ नोव्हेंबर

पत्रांमध्ये खारूताई नावाचं कुणीतरी आहे, हिला सात वर्षं लिहीत होतं. बाकीच्यांपेक्षा या बाईंना प्रोग्रामची जास्त माहिती दिसते. मी लिहिलं. ‘आदरणीय ताई, मी त्यांचा नवरा. त्या जुलैत गेल्या. चित्र उजवीकडे कलतं आहे. माझ्या हातात दोष असावा. कृपया मार्गदर्शन करावं.’ खाली फोन नंबर दिला.

१६ नोव्हेंबर

जेवायला बसलो तेवढ्यात फोन. जाड, खर्जातला आवाज.

“खारूताई बोलतोय.”

मी हातातला घास ताटात ठेवला.

“अहो, ताई नाही हो मी. चार नातवंडांचा आजोबा आहे. वायरमन होतो, खांबांवर चढून आयुष्य गेलं, म्हणून पोरांनी खारूताई केलं.” मग म्हणाले, “बाई गेल्या हे तुमच्या पत्रातून कळलं. काल दिवसभर हातात काही धरवेना.”

मी म्हटलं, हो.

“आणि तुमच्या हाताचं म्हणाल तर तो निर्दोष आहे. हात हलला तर चित्रात खरखर येते. चित्र तिरकं होत नाही. तिरकं होतं ते घड्याळामुळे.”

रिसीव्हरच्या आत एक स्फटिक असतो. मनगटी घड्याळातला असतो तसाच. तो थोडा पुढे नाहीतर मागे पडतो. प्रत्येकाचा वेगळा. तेवढा फरक प्रोग्रामने वजा करायचा असतो. वजाबाकी चुकली की दर ओळ मागच्या ओळीपेक्षा केसभर पुढे सुरू होते, आणि शेवटच्या ओळीपर्यंत किनारा कलतो.

“आमचं सगळ्यांचं तिरकंच येतं,” ते म्हणाले. “बाईंचं तेवढं सरळ. आम्ही म्हणायचो, बाईंचा रिसीव्हर वरूनच मोजून आलाय.”

“पण मी तोच रिसीव्हर वापरतोय.”

“तोच?”

“तोच.”

“मग मला नाही कळत,” खारूताई म्हणाले.

हात निर्दोष आहे हे ऐकून जरा बरं वाटलं. सासूबाईंनाही सांगितलं. त्या म्हणाल्या, “मी म्हटलंच होतं का की हाताचं आहे?”

२० नोव्हेंबर

खारूताईंनी कुठे बघायचं ते सांगितलं होतं. प्रोग्रामच्या आत, सातशे बाराव्या ओळीत, एक आकडा आहे. अडतीस. पुढे तिने लिहिलं आहे, ‘तात्पुरतं. नंतर नीट करायचं.’ तारीख नऊ वर्षांपूर्वीची.

म्हणजे तिने आपल्या एका रिसीव्हरची चूक मोजली, सगळ्या जगाच्या प्रोग्राममध्ये लिहून टाकली, आणि नंतर नीट करायचं राहून गेलं. मला हसू आलं. स्वयंपाकघराच्या दाराला लावलेला पुठ्ठाही तात्पुरताच आहे.

खारूताईंनी यावर उपाय लिहून दोन वर्षांपूर्वीच पाठवला आहे. उपग्रह दर ओळीच्या सुरुवातीला स्वतःच टिकटिक करतो. ती ऐकायची आणि ओळ तिथून लावायची. आपलं घड्याळ चुकलं तरी चालतं. त्या उपायाखाली तिचं एका शब्दाचं उत्तर आहे: ‘बघते.’ घरातही ती बघते म्हणाली की ते काम व्हायचं नाही.

आता होकार द्यायला पासवर्ड फक्त माझ्याकडे आहे. खारूताई म्हणतात, देऊन टाका. पण दिला की तिची ओळ जाईल. आणि जे चित्र येईल ते त्यांच्या उपायाने सरळ झालेलं. मला तिच्या आकड्याने यायला हवं आहे. जूनपर्यंत येत होतं ना?

मी ‘बघतो’ म्हणालो.

२३ नोव्हेंबर

पहाटे स्वप्न पडलं. घर कललेलं होतं. भांडी, पलंग, सगळं हळूहळू उजव्या भिंतीकडे सरकत होतं, अजिबात आवाज न करता, आणि ती त्यातून नेहमीसारखी चालत होती. मी तिला म्हटलं, पडशील. ती म्हणाली, मी सरळच आहे, तुम्ही बघा कुठे उभे आहात.

जागा झाल्यावर बराच वेळ छताची कड बघत पडलो होतो. ती सरळ आहे.

फेरी धुक्यात झाली. शेजारच्या गच्च्यासुद्धा दिसत नव्हत्या. चित्रात मात्र ते धुकं वरून दिसत होतं, पांढरं, मऊ. त्याखाली कुठेतरी मी उभा होतो. तिरकं.

२५ नोव्हेंबर

एक गृहस्थ दुकानात भांडायला आले. नव्या चष्म्यातून जमीन तिरकी दिसते म्हणे. मी भिंगाचा अक्ष दोनदा मोजला. बरोबर होता. मालक म्हणाले, “नवीन बनवून द्या आणि विषय संपवा.” मी गृहस्थांना म्हटलं, घरी घालता तसा घाला. त्यांनी घातला तो पार नाकाच्या शेंड्यावर, एक कान उघडा. कुशीवर पडून पेपर वाचतात.

दोष भिंगात नव्हता, घालण्यात होता. दांडी वाकवून दिली. जाताना म्हणाले, “आधी का नाही विचारलंत?”

घरी येताना तेच डोक्यात होतं. ती रिसीव्हर कसा वापरायची? आठवून बघितलं. आठवलं नाही. तिच्यासोबत शेकडो फेऱ्या केल्या असतील, पण मी आकाशाकडे तोंड करून उभा असायचो. ती माझ्या पाठीमागे असायची.

२६ नोव्हेंबर

सासूबाईंना सहज विचारलं. त्या पूर्वीही सुट्टीत यायच्या तेव्हा गच्चीत बसायच्या.

“तो अंगठ्याएवढा ना? तो स्वेटरच्या खिशात असायचा तिच्या. गच्चीवर बारा महिने स्वेटर घालायची.”

“टेबलावर नाही?”

“टेबलावरून एकदा पडला म्हणून खिशात ठेवायला लागली. गरम होतो, बरं वाटतं म्हणायची. वायर लोंबकळत असायची बाहेर. खिसा फाटला तर मीच आतून अस्तर लावून दिलं. दोनदा.” मग म्हणाल्या, “तुम्हाला माहीत नाही?”

मला माहीत नव्हतं.

खारूताईंना फोन केला. ते एवढे हसले की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. स्फटिक गार झाला की त्याची चाल बदलते. अडतीस हा आकडा रिसीव्हरचा नव्हताच. तो खिशातल्या रिसीव्हरचा होता. “इतकी वर्षं आम्ही डोकी फोडतोय,” ते म्हणाले, “आणि बाई खिशात घालून बसल्या आहेत! त्यांना तरी ठाऊक होतं का?”

ते आता विचारता येत नाही.

२८ नोव्हेंबर

रिसीव्हर माझ्या कोटाच्या खिशात ठेवला, तासभर आधीपासून. कल कमी झाला. वरची ओळ आणि खालची ओळ यात पूर्वी साठ ठिपक्यांचा फरक होता, आता एकवीस. पण सरळ नाही.

३० नोव्हेंबर

सासूबाईंनी कपाटातून तिचा स्वेटर काढला. मी बघेपर्यंत त्यांनी तो अंगात घातलाही होता. मला म्हणाल्या, “तुमच्यात शिरणार नाही. माझ्यात शिरतो.” वायर घेऊन माझ्या मागे खुर्चीवर बसल्या. चौदा मिनिटं एक शब्द बोलल्या नाहीत. एरवी चौदा मिनिटं गप्प राहत नाहीत.

नऊ ठिपके.

मी म्हटलं, जवळपास आलं. त्या म्हणाल्या, “नऊ म्हणजे किती?” मी चित्रात दाखवलं. चष्मा पुसून त्यांनी बराच वेळ बघितलं. “मला तर सरळच दिसतंय.” मी समजावलं की नऊ ठिपक्यांचा कल आहे. त्या खाली गेल्या. स्वेटर काढला नव्हता, दुपारी स्वयंपाकही त्यातच केला. थंडी आहेच.

४ डिसेंबर

खिशापेक्षा हे मोजून करायला हवं. गरम पाण्याची पिशवी आणली, तिच्यावर टॉवेल, टॉवेलात रिसीव्हर आणि थर्मामीटर. परवा जास्त गरम झालं, चित्र डावीकडे कललं. आज पाणी मध्येच निवलं. किनारा आधी डावीकडे आणि मग उजवीकडे गेला, सापासारखा. योग्य ऊब या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी आहे. आकडे वेगळ्या कागदावर लिहितो आहे. आठ दिवस उरले.

सासूबाईंनी विचारलं, आता स्वेटरची गरज नाही का. मी म्हटलं नाही, थर्मामीटर आहे. त्या बरं म्हणाल्या.

पत्रं वाढत चालली आहेत. उत्तरं देणं राहतं आहे.

६ डिसेंबर

खारूताईंचा फोन. आज हसले नाहीत.

“पत्रं वाचता का हो तुम्ही?”

“काही काही.”

“पाटीवालीचं वाचलंत? शाळेत शिकवते ती. तीस पोरं घेऊन मैदानात उभी राहते. अँटेना पोरांनी केलाय, झाडूच्या दांड्याचा. चित्र असं तिरकं येतं की पोरं म्हणतात, बाई, आपलंच काहीतरी चुकलं. शाळेच्या वेळेतल्या दोनच फेऱ्या उरल्यात तिच्याकडे.”

“मला दोन-तीन दिवस द्या. तपमान जवळजवळ सापडलं आहे.”

“कुणाचं तपमान?”

मी समोरचा आकड्यांचा कागद उलटा ठेवला.

“अहो, सगळ्या जगाने तुमच्या बायकोच्या खिशात बसायचं का?”

मग तेच घाबरले. “माफ करा. तोंड आहे माझं, सुटतं. मी असं बोलायला नको होतं.”

मी म्हटलं, ठीक आहे. फोन ठेवला. सासूबाई समोर बसून भाजी निवडत होत्या. खारूताईंचा आवाज असा आहे की फोनवरचं सगळं खोलीत ऐकू येतं. सासूबाईंनी मान वर केली नाही.

निवडता निवडताच म्हणाल्या, “पोरांना वाटत असेल आपलाच हात वाकडा.”

७ डिसेंबर

सकाळी दुकानात जायच्या आधी केलं. पासवर्ड वहीच्या शेवटच्या पानावरून बघून घातला. पडद्यावर आधी दाखवतात, काय जाणार आणि काय येणार. जाणारी ओळ लाल. ‘तात्पुरतं. नंतर नीट करायचं.’ तिच्याखाली येणाऱ्या ओळी हिरव्या, पुष्कळ, त्यातल्या मला फारशा कळत नाहीत. सासूबाईंना बोलावून लाल ओळ वाचून दाखवली.

“नऊ वर्षं?” त्या म्हणाल्या. “लहानपणापासून अशीच.”

मी होकाराचं बटण दाबलं. काही आवाज झाला नाही. तोपर्यंत चहा उतू गेला होता.

खारूताईंना कळवलं. त्यांनी लिहिलं, ‘उपकार झाले. आणि काही पुसलं जात नाही बरं का. प्रोग्रामच्या इतिहासात प्रत्येक जुनी ओळ राहते, तारखेसकट. कधीही जाऊन बघता येते.’

हे त्यांनी मला आधी सांगायला हवं होतं. की मी विचारायला हवं होतं?

९ डिसेंबर

दिवसभर चित्रं येत आहेत. कुणाचं बेट, कुणाचा बर्फ, कुणाचं नुसतं समुद्रावरचं एक मोठं भोवऱ्यासारखं ढगाचं वेटोळं. सगळी सरळ. पाटीवालीने पाठवलेल्या चित्रात खालच्या कोपऱ्यात पोरांनी बाण काढला आहे आणि लिहिलं आहे, ‘आम्ही इथे’. बाणाखाली ढगाशिवाय काही दिसत नाही.

सासूबाईंना ते फार आवडलं. मोठं करून दाखवा म्हणाल्या. कितीही मोठं केलं तरी ढगच.

मी अजून माझं काढलेलं नाही. दुकानात गर्दी आहे. १२ तारखेला रजा घेतली. त्या दिवशी नक्की किती वाजता बंद करणार ते मात्र कुणालाच माहीत नाही.

१२ डिसेंबर

फेरी ८.२७ ची. आकाश निवळलेलं होतं, उन्हाला अजून ऊब नव्हती. रिसीव्हर टेबलावर ठेवला. आता कुठेही ठेवला तरी चालतो. सासूबाई खुर्ची घेऊन आल्या, या वेळी कारण न सांगता.

टिकटिक आली. चित्र वरून खाली उतरायला लागलं. आधी ढगांची किनार, मग डोंगर, मग किनारा, हे मी नंतर बघितलं. मला पडदा दिसत नव्हता. माझं तोंड आकाशाकडे. सासूबाई मागून सांगत होत्या.

“ढग आले. आता समुद्र. आता पुन्हा ढग, बारीक बारीक.”

“सरळ आहे?”

“सरळ आहे.”

दहाव्या मिनिटाला टिकटिक थांबली. हळूहळू विरली नाही, मधेच थांबली. फक्त खरखर उरली.

“इथून खाली नुसती वाळू येतेय,” सासूबाई म्हणाल्या.

“बंद केला त्यांनी.”

“झालं?”

“झालं.”

मी अँटेना खाली घेतला नाही. अजून चार मिनिटं फेरी बाकी होती. मग सासूबाईंनी विचारलं, “बंद केला म्हणजे पडतो का तो?”

“नाही. फिरत राहील. बोलणार नाही.”

“किती दिवस?”

“पुष्कळ. आपण असू त्यापेक्षा जास्त.”

त्या उठल्या आणि माझ्या शेजारी येऊन हात पुढे केला. मी खांद्याचं बोलणार होतो, पण बोललो नाही. अँटेना त्यांच्या हातात दिला.

“सांगा, आत्ता कुठे आहे?”

मी घड्याळ आणि फेरीचा तक्ता बघून सांगत गेलो. आधी पाण्याच्या टाकीच्या वर. मग निळ्या इमारतीच्या वर. मग क्रेनच्या उजवीकडे, खाली, अजून खाली. त्या सांगेन तिकडे वळत होत्या. आकाशात बघायला काही नव्हतं. त्यांचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे.

८.४१ ला तो क्षितिजाखाली गेला. मी सांगितलं, तेव्हाच त्यांनी अँटेना खाली केला.